विमानाला दसऱ्याची आंघोळ

लहान विमान खाली का आलं, असं कोणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघून घेते. त्याला वादळ हवं असतं. वादळ नसेल तर निदान पंख्यात अडकलेलं एखादं गिधाड हवं असतं. वीज पडली, कोणी तार कापली, पायलटला झटका आला, यातलं काहीही चालतं. मी म्हणते, "पेट्रोल संपलं." लगेच त्याचा चेहरा असा उतरतो, की जणू लग्नाच्या पंगतीत जिलेबीच्या जागी कोणी गुळाचा खडा वाढला.

"म्हणजे? विमानाचं पेट्रोल संपतं?"

संपतं बाप्पा. स्कूटरचं संपतं तसंच संपतं. फरक एवढाच, की स्कूटर आडवी करून हलवता येते आणि उरलेल्या थेंबांवर पंपापर्यंत नेता येते.

मी विमानांची इंजिनिअर आहे. सरकारी परवाना असलेली, जिच्या सहीशिवाय विमान जागचं हलू नये अशा जातीची. राहते अकोल्याला, जठारपेठेत. जठारपेठेत राहून विमानं दुरुस्त करते असं सांगितलं की शेजारणींना वाटतं, ही मिक्सर दुरुस्त करत असणार आणि मोठेपणा सांगते. दोघीतिघींनी मिक्सर आणून दिलेही. मी ते दुरुस्त करून परत केले, तेव्हा त्यांची खात्रीच पटली.

मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या विमानांशी माझा संबंध नाही. माझी गिऱ्हाइकं म्हणजे हौशी मालक. संत्र्यात, कापसात, क्लासेसमध्ये नाहीतर औषधांच्या एजन्सीत नशीब उघडलेली आणि जमिनीवर गाडी लावायला जागा उरली नाही म्हणून आकाशाकडे वळलेली ही माणसं. एक पंखा, एक इंजिन, दोन किंवा चार खुर्च्या, असं त्यांचं विमान असतं. ते उडतं पेट्रोलवर आणि पडतं बहुतेक वेळा पेट्रोलपायीच. पेट्रोल नसतं, नाहीतर असतं पण दुसऱ्या टाकीत, नाहीतर टाकीत जे असतं ते पेट्रोलच नसतं. इतक्या वर्षांत इंजिनाने स्वतःहून दगा दिलेला मी फारच क्वचित पाहिला. इंजिन बिचारं सरळ असतं. दगा देणारा त्याच्या मागे गॉगल लावून बसलेला असतो.

आता अमरावतीचे एक सर घ्या. क्लासेसचे मालक. शहरातल्या प्रत्येक विजेच्या खांबावर यांचा हात घडी घातलेला फोटो. एका सकाळी फोन आला, की सरांचं विमान शेतात उतरलं आहे, इंजिन बसलं आहे, ट्रेलर घेऊनच या. आम्ही ट्रेलर, दोऱ्या, लाकडाचे ओंडके, सगळा संसार घेऊन पोचलो. सर त्यांच्याच एका मोठ्या फलकाखाली सावलीला बसलेले. वर लिहिलेलं, 'यशाची हमी.' खाली सर, बूट चिखलात.

या विमानाच्या दोन पंखांत दोन टाक्या असतात, आणि पायलटच्या हाताशी एक मूठ असते. मूठ डावीकडे फिरवली की डाव्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाला जातं, उजवीकडे फिरवली की उजव्या. मी आत चढले. मूठ डावीकडे. डावी टाकी कोरडी ठणठणीत, उजवी काठोकाठ. मी मूठ उजवीकडे फिरवली, किल्ली दिली, आणि पंखा गरगर फिरू लागला.

सर धावत आले. "काय केलंत? काय बिघडलं होतं?"

"मूठ," मी म्हटलं.

"मूठ बिघडली होती?"

"मूठ नाही, सर."

ते माझ्याशी पुढे वर्षभर बोलले नाहीत. क्लासच्या फलकावर मात्र नवीन फोटो आला, विमानासोबत.

दुसरे एक गृहस्थ अकोल्याचे. आमच्या भागात इंधनाचं एकच माप चालतं, ते म्हणजे 'पुरते'. यांनी त्याच मापाने पेट्रोल भरलं. "पुरते ना, मॅडम. जाऊन येऊन पुरते." ते हायवेवर एका ढाब्यासमोर उतरले. मी पोचले तोवर त्यांचं जेवणही झालेलं होतं. मला म्हणाले, "पण काटा तर अजून पाव टाकी दाखवून राहिला!" या विमानांतल्या काट्यावर मी उमेदवाराच्या वचननाम्याइतकाच विश्वास ठेवते. टाकीचं झाकण काढायचं, पट्टी बुडवायची, ओली किती झाली ते डोळ्यांनी बघायचं. पण पट्टी बुडवायला पंखावर चढावं लागतं, आणि पंखावर चढलं की पांढऱ्या पँटीला डाग पडतो. पांढऱ्या पँटीपायी किती विमानं शेतात उतरली असतील, याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा.

पण ही सगळी किरकोळ मंडळी. मूर्खपणात खरी कलाकुसर पाहायची तर ती शेंदूरजनाघाटच्या बापूसाहेबांकडे.

बापूसाहेब संत्र्याचे व्यापारी. बागा मोठ्या, मन त्याहून मोठं आणि आवाज त्याहूनही. त्यांनी चार आसनांचं जुनं विमान घेतलं, अमरावती आणि अकोल्याच्या मधे एक खाजगी धावपट्टी भाड्याने घेतली, पत्र्याची शेड बांधली आणि विमान बघायला मला ठेवलं. चालवायला पुण्याहून कॅप्टन बर्वे आणले. कॅप्टन बर्वे म्हणजे इस्त्री. शर्टाला इस्त्री, मिशीला इस्त्री, बोलण्याला इस्त्री. आमच्याकडची माणसं बोलली की ते असे दचकायचे, जणू कोणी त्यांच्या पायावर पाय दिला. मला ते 'इंगळे बाई' म्हणत, आणि त्या 'बाई'मध्ये स्वयंपाकाच्या बाईचा किंचित वास असे.

त्या वर्षी बापूसाहेबांच्या डोक्यात आलं, की दसऱ्याला सोनं आकाशातून वाटायचं. आपट्याची पानं पोत्यांत भरायची, विमानाने शेंदूरजन्यावर जायचं आणि खिडकीतून गावावर उधळायची. हवाई सीमोल्लंघन! गावात रिक्षा फिरवून जाहीरही करून टाकलं. विमानातून काही खाली टाकायला परवानगी लागते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "पानं आहेत मॅडम, बॉम्ब थोडीच हाय." परवानगी त्यांनी आणली की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि सोबत बसणार होती त्यांची आई, अनसूयामाय. ऐंशी ओलांडलेली, काटक, नाकात मोठी चमकी. माय आयुष्यात कधी विमानात बसली नव्हती. तिला गावावर सोनं उधळण्यात काही रस नव्हता. तिला तिचा बाग वरून पाहायचा होता. नवरा गेल्यावर तिने स्वतः उभी राहून लावलेली झाडं होती ती.

आता दसऱ्याच्या दिवशी आमचं अख्खं घर नागपूरला दीक्षाभूमीवर असतं. सासूबाई, नवरा, मुली, सगळे. ते कोणासाठी चुकत नाही, बापूसाहेबांसाठी तर नाहीच. पण माय बसणार म्हटल्यावर मी ठरवलं, की सकाळी दर्शन घेऊन एकटीने परत यायचं आणि उडण्याआधी विमान माझ्या डोळ्यांनी पाहायचं. फोनवर बजावून सांगितलं, "मी येईपर्यंत विमानाला कोणी हात लावायचा नाही."

दुपारी मी धावपट्टीवर पोचले, ती तशीच पांढऱ्या साडीत. आणि समोर काय पाहते?

विमान चकाकत होतं. पंख्याला झेंडूचा हार, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, फुटलेल्या नारळाचं पाणी सांडलेलं. पुढे पाटावर निरांजन तेवत होतं. पेट्रोल भरलेल्या विमानाच्या पुढ्यात, जळतं! मी आधी धावत जाऊन ते निरांजन उचललं आणि लांब बाभळीखाली नेऊन ठेवलं. माय ओरडली, "वो पोरी, दिवा काहून उचलतं?" माझी नजर शेडकडे गेली होती. मागे शेडजवळ मला बागेतला फवारणीचा ट्रॅक्टर दिसला होता, आणि त्याचा पाइप विमानाच्या दिशेने पसरलेला होता.

"बापूसाहेब, मी काय सांगितलं होतं?"

"हात कोणी लावला, मॅडम? पाइपानं धुतलं! दसरा हाय, गाडी धुवाच लागते. फवारणीच्या पंपाचं प्रेशर पाहा म्हटलं, एक डाग नाई राह्यला." शेडमध्ये त्यांचा टेम्पो, जीप आणि ट्रॅक्टरही धुऊन, हार घालून उभे होते. विमान हे त्यांच्या लेखी त्याच रांगेतलं सगळ्यात धाकटं भावंड.

बाहेरच्या माणसाला यात काय चुकलं ते कळणार नाही, म्हणून सांगते. या विमानाच्या टाक्या पंखांत असतात आणि त्यांची झाकणं पंखाच्या वरच्या बाजूला. झाकणाला रबराची चकती असते. आमच्या उन्हाळ्यात ती चकती वाळून पापडासारखी होते. पावसाचं पाणी वरून पडतं आणि घरंगळून जातं. पण फवारणीच्या पंपाचा फवारा त्या चकतीवर थेट मारला, तर तो आत घुसतो. आणि इंजिन पाण्यावर चालत नाही. हे वाक्य मला पंधरा वर्षांत कितीदा म्हणावं लागलं, याची मला लाज वाटते.

पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून पंखाच्या खाली एक बारीक तोटी असते. उडण्याआधी पारदर्शक पेला तिला लावायचा, थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. विमानाच्या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. पाणी असलं तर निळ्याच्या खाली एक रंगहीन थर दिसतो, मधे रेघ दिसते. एवढं सोपं आहे.

"सॅम्पल मी काढलंय, इंगळे बाई," कॅप्टन बर्वे म्हणाले आणि त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. "कुठेही रेघ नाही. आरशासारखं स्वच्छ."

मी पेला घेतला. खरंच स्वच्छ होतं. घोटभर प्यावं असं स्वच्छ.

"कॅप्टन, आपलं पेट्रोल कोणत्या रंगाचं असतं?"

"निळसर."

"आणि हे?"

"हे... स्वच्छ आहे."

"वास घ्या."

"मला सर्दी आहे," कॅप्टन म्हणाले.

रेघ कशी दिसणार? रेघ दोन गोष्टींच्या मधे असते. त्या पेल्यात एकच गोष्ट होती. मी स्वतः वास घेतला, बोट बुडवून पाहिलं, आणि पेला घेऊन बाभळीखाली गेले. सगळी मंडळी माझ्या मागे. तिथे तो पेला मी त्या निरांजनावर ओतला. चुर्र! निरांजन विझलं.

मग बापूसाहेब म्हणाले, "विझवलं काहून, मॅडम? अपशकून होते ना."

अशा माणसाला काय सांगायचं, सांगा.

मी साडी खोचली आणि कामाला लागले. दोन्ही तोट्या उघडून बादलीत पाणी सोडलं. येतच राहिलं. शेवटी निळं येऊ लागलं. पंख धरून विमान डावीकडे-उजवीकडे हलवलं, पुन्हा काढलं. निळं. कॅप्टननी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "झालं तर मग."

झालं नव्हतं. या जुन्या विमानाच्या टाक्या म्हणजे पंखात कोंबलेल्या रबराच्या पिशव्या असतात. जुन्या पिशवीला वळ्या पडतात. वळीत पाणी अडकून बसतं, आणि जमिनीवर कितीही हलवा, बाहेर येत नाही. विमान नाक वर करून चढू लागलं की टाकी कलते, वळीतलं पाणी सुटतं आणि थेट इंजिनाकडे निघतं. म्हणजे जिथे इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तिथे. मी म्हटलं, "टाक्या पूर्ण रिकाम्या करून सुकवायच्या. उद्या उडा."

"उद्या दसरा हाय काय?" बापूसाहेब. "तिकडं सारं गाव गच्चीवर चढून बसलं!"

"मग गाव उतरेल."

"इंगळे बाई," कॅप्टन म्हणाले, "इंजिनाच्या चाचणीत मी पूर्ण जोर लावून बघतो. काही असेल तर तिथेच कळेल. आणि शेवटी उड्डाणाचा निर्णय कॅप्टनचा असतो." ते 'कॅप्टन' त्यांनी अशा थाटात म्हटलं, जसं नाटकात राजा स्वतःला 'आम्ही' म्हणतो.

मी म्हटलं, "मी सही करणार नाही. आणि माय बसणार नाही." कॅप्टन म्हणाले, "ठीक आहे. आधी मी एकटाच एक फेरी मारून येतो."

या सगळ्या वादात माय कुठे होती? माय केव्हाच आत जाऊन कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. पट्टा लावून. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरीचा डबा.

"माय, उतरा."

"मी नाई उतरत."

"विमानात पाणी गेलंय, माय."

"मंग काय झालं? पाणी त आमच्या छपरातूनबी गळते."

मी समजावलं. पिशव्या, वळ्या, सगळं. मायने शांतपणे ऐकलं आणि सरळ विचारलं, "हे आता उडन का नाई उडन?"

"कॅप्टन म्हणतात उडेल. ते एकटे एक फेरी मारून बघणार आहेत."

"मंग तो एकटा जाईन त मले फसवून परत येन न् म्हणन, आता अंधार पडला. मी वळखतो यायले." मायने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात संत्रं उलटंपालटं करून बघतात. "भेव तुले हाय ना? मंग तू बस माह्या जागी. तू बसशीन त मी उतरतो. नाई त मी हाव इथंच."

आता बघा. मी विमानं दुरुस्त करते. विमानात बसायला मला मुळीच आवडत नाही. ज्याने आतली वायर न् वायर पाहिली आहे, त्याला खिडकीतून ढग बघून कविता सुचत नाही. शिवाय आपलं म्हणणं खरं निघालं तर काय होईल, हे तिथे फक्त मला माहीत होतं. पण म्हातारी हलेना, कॅप्टन पट्टा लावून तयार, आणि बापूसाहेब माझ्याकडे असे पाहत होते, की बघू, ही बाई किती पाण्यात आहे.

"उतरा," मी म्हटलं. "बसते मी."

माय उतरली. पंख्याचा हार आणि मागच्या बाकावरची पानांची पोतीही मी उतरवायला लावली. एक पोतं बापूसाहेबांनी तसंच ठेवलं, शकुन म्हणून.

मी कॅप्टनना सांगितलं, की धावपट्टीच्या वरच फिरायचं, लांब जायचं नाही. चाचणी करताना त्यांनी पूर्ण जोर बराच वेळ लावून धरला. इंजिन सुरेख गरजत होतं. कॅप्टननी माझ्याकडे बघून मिशी हलवली. आम्ही धावलो, उठलो, नाक वर झालं. खाली माय पदर हलवत होती.

मग इंजिन खोकलं.

एकदा. पुन्हा एकदा. आणि मग बंद. हा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही, कारण तो आवाज नसतोच. सगळा गोंगाट एकदम कोणी उचलून नेतो आणि वाऱ्याची नुसती सरसर उरते. मला त्या क्षणी भीती वाटली नाही, असं लिहिलं तर माझ्या मुली हसतील. पण भीतीच्या आधी काय वाटलं सांगू? वाटलं, सांगितलं होतं ना!

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इंजिन बंद पडलं की माणूस मागे वळतो. मागे धावपट्टी असते, आपली माणसं असतात, हार घातलेली जीप असते. वळायला उंची लागते, आणि ती नसते. विमान वळता वळता एका पंखावर कोसळतं. इंजिन बंद पडून मेलेल्यांपेक्षा मागे वळून मेलेल्यांबद्दल मी जास्त वाचलं आहे. बापूसाहेबांपुढे दिमाख मिरवणारा हा माणूस आता वळणार, अशी माझी खात्री होती. मी डोळे मिटायच्या तयारीत होते.

कॅप्टन बर्वे वळले नाहीत. त्यांनी तत्काळ नाक खाली केलं, सरळ पुढे पाहिलं, आणि "साखर किती?" असं विचारावं तशा आवाजात म्हणाले, "बाई, पट्टा घट्ट करा. आणि दार थोडं उघडून धरा, नंतर अडकतं."

पुढे विजेच्या तारा होत्या. तारांपलीकडे सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान. तारा जवळ येत गेल्या. मी पाय वर उचलून घेतले. जणू माझे पाय उचलल्याने विमान वर जाणार होतं! परवाना असलेली इंजिनिअर मी, आणि पाय उचलून बसलेली. कॅप्टननी शेवटच्या क्षणी नाक जरासं उचललं, तारा खालून गेल्या, आणि आम्ही काळ्या रानात आदळलो. चाकं मातीत रुतली. विमान थोडं धावलं, मग नाक जमिनीत खुपसून, शेपूट वर करून थांबलं. मागचं पोतं फुटलं आणि आम्ही दोघं गळ्यापर्यंत आपट्याच्या पानांत.

बाहेर पडलो. कॅप्टनच्या मिशीत पान, माझ्या केसांत पानं. पांढरी साडी काळी. समोर एक शेतकरी उभा, हातात विळा. शेतमालक असावा. तो आमच्याकडे, विमानाकडे, पुन्हा आमच्याकडे बघत राहिला. आणि इस्त्रीच्या कॅप्टन बर्व्यांनी मिशीतलं पान काढून त्याच्यापुढे धरलं. "सोनं घ्या."

"काहून बाप्पा," तो म्हणाला, "सोनं द्याले विमानानं आले काय?"

मी जी हसत सुटले, ती मातीतच बसले. कॅप्टनही शेजारी बसले. मग ते हळूच म्हणाले, "सर्दी नव्हती मला." एवढंच. त्या माणसाला जमिनीवर अक्कल नव्हती, हे मी आजही सांगते. हवेत मात्र होती. तेव्हापासून मी त्यांना जमिनीवर मनसोक्त बोलते आणि हवेत त्यांच्या शेजारी गुपचूप बसते.

तोवर जीप आली. बापूसाहेब आधी विमानाकडे धावले. "इंजिन गेलं काय? पंखा वाकला काय?" माय ढेकळांतून हळूहळू चालत माझ्याकडे आली. खाली बसली. माझ्या चेहऱ्यावरची माती पदराने पुसली, आणि मान वळवून मागच्या तारांकडे बघत राहिली.

"मी बसली असती त?" तिने विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. "तुम्ही, बापूसाहेब मागे, आणि सगळी पोती," मी म्हटलं. "वजन वाढलं असतं, माय. तारांवरून गेलं नसतं."

मायने मान डोलावली. मग उठली, लेकाकडे गेली आणि हात पुढे केला.

"चावी दे."

"कायची चावी, माय?"

"या टिनपाटाची."

बापूसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा वाद घातला नाही. कॅप्टननी खिशातून किल्ली काढली. मायने ती पदराच्या गाठीत बांधली.

बापूसाहेब सुधारले असं कोणी समजू नये. गावात त्यांनी सांगितलं, की डाव्या चाकाखालचं लिंबू नीट फुटलं नव्हतं, आणि वरून इंगळे मॅडमनी दिवा विझवला. अजूनही तसंच सांगतात, माझ्यासमोर. पाण्याचं नाव नाही. मी ऐकून घेते. काही माणसांच्या डोक्याच्या झाकणाची चकती इतकी पक्की असते, की तिथे फवारणीचा पंपही हरतो.

पण किल्ली मायकडे राहिली. विमान दुरुस्त झालं, पिशव्या बदलल्या, झाकणं बदलली. तरी उडायचं म्हटलं की बापूसाहेबांना शेंदूरजन्याला मायसमोर उभं राहावं लागतं. आणि मायचा नियम एकच. "आधी ताई बसन. ती खाली आली की मंग तुमी." गेली कित्येक वर्षं, ज्या बाईला विमानात बसायला आवडत नाही, ती दर वेळी पहिल्या फेरीला बसते आहे. मी किती तक्रार केली. माय म्हणते, "तू बसतं म्हणून त तू नीट पायतं."

हे इतकं खरं आहे, की मी चिडून पट्टा लावते.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, संत्री पिवळी झाली तेव्हा, माय स्वतः बसली. मी आधी फेरी मारून आले, मग मागच्या बाकावर सरकले. बापूसाहेब माझ्या शेजारी, छाती फुगवून. कॅप्टननी विमान शेंदूरजन्यावर आणलं. बापूसाहेब पुढे वाकून ओरडले, "पाय माय, पाय! हे सारं आपलं! त्या नाल्यापासून या रस्त्यापर्यंत!"

मायने काचेला नाक लावलं. खाली तिची झाडं होती, रांगेत, प्रत्येक झाडावर पिवळे ठिपके. तिने पुष्कळ वेळ बघितलं. डोळे पुसले की काय, ते मला मागून दिसलं नाही. मग ती मागे वळली, लेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली,

"एवढुसाच हाय होय रे? मंग तू कायच्या भरवशावर इतका फुगतं?"